पहाटेचा पाऊण तास आणि दुसरीचा वर्ग

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

'मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझ्याकडे दुसरीचा वर्ग आहे. मुलांसाठी गोष्टी लिहिते. दोन छापून आल्या. तिसरी, "चिन्मय आणि करडू", एका मासिकाकडून साभार परत आली. सोबत चिठ्ठी होती : कल्पना चांगली, भाषा जड, शेवट बोधाचा. गोष्ट पत्रासोबत जोडली आहे. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी एक कादंबरीही डोक्यात आहे. ती मेच्या सुट्टीत एका झपाट्यात संपवावी असं वाटतं. रोज किती लिहायला हवं? मुलांसाठी लिहिणारे लेखक दिवसभर नेमकं काय करतात? एका प्रकाशकानं ४०,००० रुपये भरले तर ५०० प्रती छापून देतो असं सांगितलंय. पुस्तकाची किंमत १२० रुपये असेल. पैसे द्यावेत का? चित्रं मीच कुणाकडून तरी काढून घ्यायची का?'

ताई,

चाळीस हजार देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी, कारण अशा बोलण्यामागे 'या आठवड्यात भरलेत तर' असा तगादा असतो.

हिशेब मांडून बघा. ४०,००० भागिले ५०० म्हणजे एक प्रत तुम्हाला ८० रुपयांना पडली. वितरक आणि दुकानदार मिळून ४० टक्के घेतात असं धरलं, तर १२० रुपयांच्या पुस्तकाचे तुमच्या हाती ७२ येणार. म्हणजे दुकानातून विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे तुमचेच ८ रुपये जाणार. सगळ्या प्रती स्वतः हातोहात, पूर्ण किमतीला विकल्या, तरी ३३४ प्रती गेल्यावर मुद्दल सुटेल. त्या घेणार कोण? वर्गातल्या मुलांचे आईवडील. बाईंनी त्यांना पुस्तक विकणं बरं दिसत नाही, आणि ते तुम्हालाही नको असेल. याहून मोठं नुकसान असं की, या व्यवहारात तुमची गोष्ट कुणी वाचणारच नाही. पैसे भरले की आहे तसं छापलं जातं. तुम्हाला आज छापखान्यापेक्षा संपादकाची गरज जास्त आहे. आणि ज्या संपादकानं तीन मुद्द्यांची चिठ्ठी लिहायचे कष्ट घेतले, त्यानं तुमचं काम गंभीरपणे वाचलंय. नुसतंच साभार परत येणं आणि कारणासकट परत येणं यांत फार अंतर आहे.

आता दिवसाचं. मुलांसाठी लिहिणारे मराठी लेखक दिवसभर काय करतात, तर बहुतेक जण तुमच्यासारखीच नोकरी करतात. १२० रुपयांचं पुस्तक, १,००० प्रतींची आवृत्ती आणि १० टक्के रॉयल्टी धरली, तर आवृत्ती पूर्ण संपल्यावर लेखकाला १२,००० रुपये मिळतात. संपायला दोन-तीन वर्षंही लागू शकतात. त्यामुळे लिहिणं नोकरीच्या कडेनं बसवावं लागतं, आणि ते बसतं. तुमची शाळा दहाची आहे, म्हणजे पहाटेचा पाऊण तास तुमचा. सव्वापाच ते सहा. त्यात ३०० शब्द होतात, आखीव वहीची दीड-दोन पानं. जास्त लिहू नका. उत्साहाच्या दिवशी हजार शब्द लिहिले, की पुढचे चार दिवस वही उघडावीशी वाटत नाही. कित्येकांची लय याच कारणानं मोडते.

त्या पाऊण तासात पहिली पाच मिनिटं आदल्या दिवशीचं शेवटचं पान मोठ्यानं वाचायचं. घरचे झोपलेत म्हणून मनातल्या मनात नको, हळू आवाजात का होईना, पण ओठ हलले पाहिजेत. मग पुढं लिहायचं. मागचं दुरुस्त करायचं नाही. ते दुरुस्त करत बसलं, की महिनाभर पहिलंच प्रकरण घासलं जातं आणि दुसरं सुरूच होत नाही. थांबताना वाक्य अर्धं सोडा आणि खाली 'उद्या :' लिहून एक ओळ टाका, पुढं काय होणार त्याची. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाकडे बघत बसावं लागत नाही.

दुसरी वही छोटी, खिशातली किंवा पर्समधली. ती जेवणाच्या सुट्टीसाठी. तुमच्याजवळ जे आहे ते शहरातल्या कितीतरी लेखकांजवळ नाही : रोज पाच तास मुलांचं बोलणं कानावर पडतं. ते तिथल्या तिथं, शब्दाला शब्द टिपून घ्या. समजा एखादा मुलगा नळापाशी म्हणाला, 'बाई, माझी सावली ओली झाली.' हे रात्री आठवून लिहायला बसलात, तर हात आपोआप लिहून जातो, 'माझी सावली पाण्यात भिजली.' अर्थ तोच, पण गंमत गेली. शिक्षकाच्या हाताला दुरुस्तीची सवय असते, म्हणून ही काळजी तुम्ही इतरांपेक्षा जास्त घ्यायला हवी. एक मर्यादा मात्र पाळा. बोलणं घ्या, मुलाचं खरं नाव आणि घरची अडचण घेऊ नका. गाव लहान असतं, ओळखायला वेळ लागत नाही.

रविवारी दोन तास टायपिंग, पत्रव्यवहार आणि नोंदी. एवढंच आठवड्याचं काम.

आता तुमची गोष्ट. ती आम्ही दोनदा वाचली, एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं. पहिलं वाक्य असं आहे :

'पहाटेच्या मंद समीरात पर्णांची सळसळ कर्णमधुर भासत असता चिन्मयच्या मनात विचारांचे काहूर माजले होते.'

चौदा शब्द. मुलाला चिन्मय भेटतो नवव्या शब्दाला आणि क्रियापद मिळतं अगदी शेवटी. तोवर त्यानं समीर, पर्ण आणि कर्णमधुर डोक्यात धरून ठेवायचे. दुसरीतल्या मुलाला समीर म्हणजे शेजारच्या बाकावरचा मुलगा. आणि 'विचारांचे काहूर' वाचून मूल विचारणार, कसले विचार? करडू हरवलंय हे तुम्ही दुसऱ्या पानावर सांगता. म्हणजे गोष्टीतली एकमेव काळजीची गोष्ट पानभर लपून राहिली आणि तिच्या जागी वारा वाहत राहिला.

हेच असं करून बघा :

'अजून उजाडलं नव्हतं. पिंपळ सळसळत होता. सुजय अंथरुणात उठून बसला. गोठ्यातून करडाचा आवाज येत नव्हता. रोज या वेळी ते ओरडायचं.'

शब्द वाढले, चौदाचे वीस झाले. पण वाक्यं पाच आहेत आणि सगळ्यांत लांब वाक्य पाच शब्दांचं आहे. पहाट राहिली, सळसळ राहिली. काहूर हा शब्द गेला आणि काळजी मात्र आली, कारण मूल आता सुजयबरोबर कान देऊन ऐकतंय. जोडाक्षरं आहेतच, 'नव्हतं' आणि 'गोठ्यातून', पण ती रोजच्या बोलण्यातली आहेत.

नाव का बदललं, तेही सांगतो. गोष्ट मोठ्या माणसानं वाचून दाखवायची असेल तर चिन्मय चालेल. दुसरीतल्या मुलानं स्वतः वाचायची असेल, तर 'न्म' हे जोडाक्षर तुमच्या गोष्टीत ३८ वेळा येतं आणि नुकतं वाचायला लागलेलं मूल तिथं ३८ वेळा अडखळतं. पात्राचं नाव ही गोष्टीतली सगळ्यांत जास्त वेळा वाचावी लागणारी गोष्ट असते. स्वतः वाचणाऱ्या लहान मुलांसाठी नाव निवडताना जोडाक्षर टाळा, आणि एकाच गोष्टीत सुजय, सुजाता, सुनील अशी एकाच अक्षरानं सुरू होणारी नावं घेऊ नका. नवखा वाचक पहिलं अक्षर बघून नाव ओळखतो.

एक मात्र करू नका. भाषा जड म्हटलं म्हणून दावं, खुंटा, वैरण, पेंड हे शब्द काढू नका. तुम्ही ते फार नेमके वापरलेत. पुण्याच्या किंवा मडगावच्या मुलाला दावं माहीत नसेल, पण 'दाव्याची गाठ सुटली होती, खुंटा तसाच होता' असं वाचल्यावर त्याला दोन्ही कळतं. हातानं धरता येणाऱ्या वस्तूचा अनोळखी शब्द मुलं आनंदानं घेतात. त्यांना जड जातात ते समीर आणि कर्णमधुर यांच्यासारखे शब्द, ज्यांच्या जागी त्यांना रोजचा शब्द ठाऊक असतो.

बोलीचंही ठरवून घ्या. संवादात 'कुठं चाललायस रं?' येऊ द्या, ते जिवंत आहे. निवेदन प्रमाण ठेवा. पण निवेदनात एका ओळीत 'होते' आणि पुढच्या ओळीत 'होतं' असं तुमच्याकडून झालंय, तिसऱ्या पानावर सहा वेळा. मुद्रितशोधकाला सर्वांत जास्त त्रास यानं होतो. वहीच्या शेवटच्या पानावर तुमचे निर्णय लिहून ठेवा : कुठं की कुठे, नव्हतं की नव्हते, तिनं की तिने. एकदा ठरलं की पुस्तकभर तेच.

शेवट. आजोबा ओट्यावर बसून चार ओळी बोलतात आणि 'मुक्या प्राण्यांवर दया करावी' इथं गोष्ट संपते. त्या चार ओळी खोडा. नवीन काहीच लिहायला नको, कारण खरा शेवट तुम्हीच त्याच्या वरच्या परिच्छेदात लिहिलाय : रात्री चिन्मय दावं बांधतो, अंथरुणात शिरतो, परत उठतो आणि गाठ ओढून बघतो. तिथं थांबा. करडाबद्दल त्याला काय वाटतं ते मुलाला त्या गाठीतून कळतं. आजोबांनी ते समजावून सांगितलं, की मुलानं स्वतः ओळखलेलं त्याच्या हातातून काढून घेतल्यासारखं होतं. तुम्ही दिवसभर वर्गात समजावून सांगता, ते तुमचं कामच आहे. गोष्टीत मुलाला ओळखू द्यायचं.

आता कामाचा सगळ्यांत मोठा भाग, जो बाहेरून दिसत नाही : वाचून दाखवणं. गोष्ट मुलांसमोर वाचल्याशिवाय कुठंही पाठवू नका. मात्र ते वाचण्याची एक रीत आहे, नाहीतर त्यातून काहीच कळत नाही.

तुम्ही स्वतः वाचू नका. तुम्ही हावभाव करून वाचणार, आवाज बदलणार, आणि मुलं गोष्टीला नव्हे तर बाईंना दाद देणार. शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकांना विनंती करा. गोष्ट कुणाची ते मुलांना सांगायचं नाही. साध्या, सरळ आवाजात वाचायचं, वेग मिनिटाला ११०-१२० शब्दांचा. हजार शब्दांना आठ-नऊ मिनिटं लागतात, आणि दुसरीचा वर्ग एका बैठकीत दहा मिनिटांच्या पुढं सहसा टिकत नाही. म्हणून तुमची १,६०० शब्दांची गोष्ट या वयाला लांब आहे, ती हजारावर आणा.

तुम्ही वर्गाच्या कडेला, मुलांचे चेहरे दिसतील असं बसा. हातात गोष्टीची दुसरी प्रत आणि पेन्सिल. समासात तीनच खुणा करायच्या. मुलं हसली किंवा पुढं सरकली तिथं बरोबरची खूण. खिडकीबाहेर बघायला लागली, दप्तराशी चाळा सुरू झाला, तिथं आडवी रेघ. कुणी 'म्हणजे?' असं विचारलं तिथं प्रश्नचिन्ह. एका मुलानं खिडकीकडे बघितलं तर काही नाही, चार-पाच जणांनी एकाच ठिकाणी बघितलं तर तो परिच्छेद गेला. बहुतेक वेळा आडवी रेघ पडते ती वर्णनावर किंवा दोन मोठी माणसं एकमेकांशी बोलत असतात तिथं.

वाचून झाल्यावर 'आवडली का?' असं विचारूच नका. मुलं हो म्हणतात, त्यांना शाळेत तेच शिकवलंय. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी, काल गैरहजर असलेल्या एखाद्या मुलाला समोर बसवा आणि दोघा-तिघांना सांगा, 'याला कालची गोष्ट सांगा.' मग फक्त ऐका. त्यांनी जे गाळलं ते तुमच्या गोष्टीतून जाऊ शकतं. चुकीचं सांगितलं तिथं तुमचं लिहिणं संदिग्ध आहे. हातवारे करून सांगितलं तो गोष्टीचा कणा, त्याला धक्का लावू नका. आणि त्यांनी स्वतःच्या मनानं एखादं वाक्य घातलं, तर ते वहीत टिपून घ्या. बऱ्याचदा ते आपल्या वाक्यापेक्षा चांगलं असतं.

मग कादंबरी. यंदाच्या मेमध्ये नको. कारण सरळ आहे : मेमध्ये शाळेला सुट्टी, म्हणजे तुमच्याजवळ ऐकणारी मुलं नाहीत. पहिला खर्डा तुकड्यातुकड्यानं, रोज पाऊण तास लिहून होतो. त्याला सलग सुट्टी लागत नाही. सलग वेळ लागतो तो दुसऱ्या लेखनाला, जेव्हा पहिल्या प्रकरणातली किल्ली बाराव्यात कुठं वापरली हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरावं लागतं. सुट्टी त्यासाठी राखून ठेवा.

यंदा असं करता येईल. मे महिन्यात करडाची गोष्ट नव्यानं लिहा आणि आणखी एक छोटी गोष्ट लिहा, दिवाळी अंकासाठी. मराठीतली दिवाळी अंकांची प्रथा 'मनोरंजन' मासिकानं १९०९ साली सुरू केली, आणि आजही नव्या लेखकाला वाचक मिळवून देणारी ती मोठी जागा आहे. पण अंक दिवाळीत येतो म्हणून मजकूर सप्टेंबरमध्ये पाठवणं ही नेहमीची चूक. जुलै संपता संपता बऱ्याच अंकांची पानं भरलेली असतात, चित्रकारालाही वेळ द्यावा लागतो. जूनच्या मध्याला शाळा भरली, की पहिल्या दोन आठवड्यांत दोन्ही गोष्टी वर्गात वाचून घ्या, दुरुस्त करा, १० जुलैच्या आत पाठवा. आणि दिवाळीवरची गोष्ट पाठवू नका. किल्ला, फटाके आणि फराळ यांच्या गोष्टींचा संपादकांच्या टेबलावर ढीग असतो.

कादंबरी जूनच्या मध्यापासून. नऊ ते बारा वयाला १८,००० शब्द पुरेसे आहेत. १,३०० शब्दांचं एक प्रकरण, अशी चौदा प्रकरणं. रोज ३००, आठवड्यात पाच दिवस, म्हणजे १,५०० शब्द. आठवड्याला एक प्रकरण आरामात होतं. गणपतीचा आठवडा आणि सत्र परीक्षेचे दिवस सोडले तरी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पहिला खर्डा हातात असेल. तो कपाटात ठेवा, डिसेंबर संपेपर्यंत काढू नका. जानेवारीत चौथीच्या वर्गात रोज एक प्रकरण वाचून घ्या, अकरा-बारा मिनिटं, चौदा दिवस, वरच्याच रीतीनं. मग पुढच्या मेमध्ये पूर्ण पुनर्लेखन.

सुरू करण्याआधी चौदा चिठ्ठ्या करा. प्रत्येकीवर एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा : या प्रकरणात मुख्य मुलानं किंवा मुलीनं स्वतः काय केलं? 'तिला कळलं', 'तिनं पाहिलं', 'तिला काकांनी सांगितलं' अशी उत्तरं आली तर ते प्रकरण अजून तयार नाही. मुलांच्या कादंबऱ्या पाचव्या-सहाव्या प्रकरणाच्या आसपास अडतात, आणि कारण जवळजवळ नेहमी हेच असतं : कथा मोठ्या माणसांच्या हातात गेलेली असते. पोलीस येतात, काका गाडी काढतात, आणि मुलं मागच्या सीटवर बसून बघत राहतात. मोठ्यांना पहिल्या दोन प्रकरणांतच कामाला लावून द्या, द्राक्षाच्या छाटणीला, लग्नाला, दवाखान्यात. आणि मोबाइलचं काय करणार ते पहिल्याच दिवशी ठरवा. एका फोननं सुटेल असा पेच असेल तर मुलं चौथ्या पानावर विचारतात, 'फोन का नाही केला?' घरात एकच फोन आणि तो बाबांबरोबर शेतावर गेलाय, हे पुरे. पण ते आधी सांगितलेलं हवं, अडचण आल्यावर नको.

कुठं पाठवायचं हे ठरवताना आधी ते अंक वाचा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर वाचायला खुले केलेत. दहा अंक उघडा, गोष्टींचे शब्द मोजा, वय बघा. 'चिकूपिकू' अगदी लहानांसाठी, 'वयम्' जरा मोठ्या मुलांसाठी. तुमच्या करडाची जागा यांतली कुठली, हे वाचल्यावर आपोआप कळेल. 'स्टोरीवीव्हर' या प्रथम बुक्सच्या संकेतस्थळावर वाचनपातळीनुसार लावलेल्या गोष्टी फुकट वाचता येतात, पातळीचा अंदाज यायला ते उत्तम. मात्र तिथं स्वतःची गोष्ट चढवलीत, तर लेखकाचं नाव देऊन ती कुणालाही वापरता, बदलता, अगदी विकताही येते, तसा तिथला खुला परवानाच आहे. देणगी म्हणून ते फार चांगलं काम आहे. पण जी गोष्ट मासिकाला द्यायची आहे ती आधी तिथं चढवू नका.

टायपिंग युनिकोडमध्ये करा, म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षरं नीट उघडतील. १४ पॉइंट, दीडपट अंतर, ए-फोर पान. वर्डची फाइल आणि सोबत पीडीएफ, दोन्ही पाठवा. प्रकाशक मजकूर स्वतःच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात तेव्हा 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला ऱ आणि 'ॲ' हमखास तुटतात. पीडीएफ असली की मूळ काय होतं ते त्यांना दिसतं. प्रूफ तुमच्याकडे आलं तर आधी ही अक्षरं शोधा, मग बाकीचं वाचा. पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन, वयोगट आणि शब्दसंख्या. सोबतचं पत्र पाच ओळींचं. गोष्टीचं तात्पर्य त्यात लिहू नका. एक गोष्ट एका वेळी एकाच ठिकाणी. वहीत तारीख, ठिकाण, उत्तर असे तीन रकाने आखा. तीन महिन्यांत उत्तर नाही आलं तर एक नम्र विचारणा करा, आणखी महिनाभरानं कळवून दुसरीकडे पाठवा.

चित्रं तुम्ही काढून घेऊ नका. चित्रकार प्रकाशक निवडतो आणि त्याचे पैसेही तोच देतो. शेजारच्या कलाशिक्षकांकडून हौसेनं काढून घेतलेली चित्रं सोबत जोडली, तर चांगली संहिताही अडकते : संपादकाला चित्रं नको असतात आणि तुम्हाला नाही म्हणणं अवघड होतं. शब्दांत नसलेलं पण कथेला लागणारं काही असेल, तरच कंसात एका ओळीची सूचना द्या, 'चित्रात करडू दाराआड दिसतं, सुजयला दिसत नाही' अशी. पुढं कधी चित्रपुस्तक लिहिलंत तर ए-फोरचे चार कागद मधोमध दुमडून शिवा. सोळा पानांची वही होते. छपाईत पानं फर्म्याच्या, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या, हिशेबानं येतात, म्हणून सोळा, चोवीस, बत्तीस असेच आकडे धरायचे. पहिली दोन पानं शीर्षकाला आणि श्रेयाला सोडा, मजकूर पेन्सिलीनं पानापानांत वाटा आणि पान उलटून बघा. उत्सुकता उजव्या पानाच्या शेवटी हवी, उत्तर पान उलटल्यावर. समोरासमोरच्या दोन पानांवर प्रश्न आणि उत्तर आलं की मूल आधी चित्रात उत्तर बघून घेतं.

करार. भारतात लिहिलेल्या गोष्टीचा हक्क लिहिल्याक्षणी तुमचा असतो, नोंदणी लागत नाही, आणि तो लेखकाच्या हयातीत व नंतर ६० वर्षं टिकतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचा तर ते लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून 'सर्व हक्क कायमस्वरूपी' ही ओळ दिसली की तिथं बोट ठेवा. पुस्तकाचा हक्क द्या. भाषांतर, ऑडिओ, ई-पुस्तक, चित्रपट यांचं वेगळं लिहून घ्या. रॉयल्टी छापील किमतीवर की मिळालेल्या रकमेवर, हा एक शब्द नीट वाचा : १२० रुपयांवरचे १० टक्के १२ होतात, ७२ वरचे सात रुपये वीस पैसे. आवृत्ती संपल्यावर ठरावीक काळात पुन्हा छापली नाही तर हक्क परत, असं कलम मागून घ्या. मासिकाला गोष्ट देताना 'एकदा प्रसिद्ध करण्यासाठी' असं पत्रात लिहा.

आणि पहिलं मानधन स्वीकारण्याआधी तुमच्या सेवानियमांत लेखनाच्या उत्पन्नाबद्दल काय आहे, ते गटशिक्षणाधिकारी कार्यालयात लेखी विचारून घ्या. तोंडी 'चालतंय की' यावर थांबू नका.

करडाच्या गोष्टीची तुमची प्रत टपालानं परत पाठवत आहोत. पेन्सिलीच्या खुणा पहिल्या, तिसऱ्या आणि शेवटच्या पानावर आहेत. गाठ ओढून बघण्याचा परिच्छेद आम्ही चौकटीत घेतलाय, त्यातला एकही शब्द बदलू नका.